लेकीचं काम, मुसीचं पाणी

काचीगुड्याला जाणारी लहान रुळांची गाडी धर्माबाद स्टेशनात त्या दिवशीही उशिरा आली. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती. माझ्या एका हातात कपड्यांची पेटी होती, दुसऱ्या हातात बहिणीसाठी घेतलेल्या वाळल्या मिरच्यांची पिशवी. आणि डोक्यात एकच काम होतं: माझ्या मुलीला एका औषध कंपनीत घेऊन जायचं आणि तिथल्या नोकरीला हो म्हणायला लावायचं.

मुलीचं नाव संघमित्रा. घरात आम्ही तिला मित्रा म्हणतो. औरंगाबादेत एम.एस्सी. करून ती हैदराबादच्या जुन्या विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि माझ्या धाकट्या बहिणीकडे, कमलकडे, अंबरपेठेत राहत होती. नवं आर्थिक धोरण येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. हैदराबादच्या चहूबाजूंनी औषधांचे कारखाने उभे राहत होते. अशाच एका कारखान्यात आमच्या नात्यातले एक गृहस्थ मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी मित्रासाठी शब्द टाकला. पांढऱ्या फरशीची प्रयोगशाळा, न्यायला-आणायला गाडी, वर्षभरात कायम. शनिवारी येऊन होकार द्यायचा, एवढंच बाकी होतं. मित्राने एसटीडी बूथवरून शाळेत फोन केला आणि म्हणाली, "बाबा, मला नको ती नोकरी. माझं इथलं काम अर्ध्यावर आलंय."

तिचं काम म्हणजे शहराच्या सांडपाण्यावर संशोधन. त्या पाण्यात रोगाचे जंतू किती, पोटातल्या जंतांची अंडी किती, आणि त्याच पाण्यातून वाहून जाणारं नत्र आणि स्फुरद पिकांसाठी परत कसं काढता येईल, हे ती शोधत होती. दुसऱ्या कुणाच्या मुलीबद्दल ऐकलं असतं तर मी कौतुकच केलं असतं. पण माझे वडील, आमचे आबा, निजामाच्या अमलात गावची मेलेली ढोरं ओढायचे. तो त्यांच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. ज्या वर्षी त्यांनी बुद्धाचा धम्म घेतला त्या वर्षी ते काम सोडलं. त्यापायी मार खाल्ला. गावाने दुकान बंद केलं, विहीर बंद केली. आबा दुसऱ्या गावच्या शेतांत राबले, पण माझी शाळा त्यांनी सुटू दिली नाही. मी मास्तर झालो. आणि आता माझी मुलगी एवढी शिकून पुन्हा घाणीत हात घालणार, हे काही माझ्या गळी उतरत नव्हतं.

बासर मागे पडलं आणि गाडीने गोदावरीचा पूल ओलांडला तेव्हा बायकांनी खिडकीतून नाणी टाकून हात जोडले. तिथून पुढे फलाटावरच्या हाका तेलुगूत ऐकू येऊ लागल्या. निजामाबादला एक हळदीचे व्यापारी चढले आणि माझ्या शेजारी बसले. त्यांची ट्रंक सरकवताना माझी मिरच्यांची पिशवी तिच्याखाली आली आणि उसवली. बघता बघता सगळा डबा शिंकायला लागला. एक म्हातारी मला तेलुगूत बरंच काही बोलली. न समजल्याने ते माझ्या मनाला लागलं नाही.

"मिर्ची है या बारूद, साब?" व्यापारी डोळे पुसत म्हणाले.

मी उर्दूत माफी मागितली. माझ्या पहिल्या इयत्ता उर्दूतच झालेल्या. ते खूश झाले. हैदराबादला कशाला, म्हणून त्यांनी विचारलं. मुलगी शिकते म्हणून सांगितलं.

"क्या पढती?"

"साइन्स," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. कामारेड्डीपासून ते मोठाले दगड दिसायला लागतात, कुणी एकावर एक रचून ठेवल्यासारखे. पुढे बराच वेळ मी त्यांच्याकडेच बघत होतो.

काचीगुड्याला उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. रिक्षा बरकतपुऱ्यातून निघाली. मी मागे आलो होतो तेव्हाचं शहर आता ओळखू येईना. ज्या भिंतींवर पूर्वी सिनेमाची पोस्टरं असायची तिथे कॉम्प्युटर शिकवण्याच्या आणि अमेरिकेला पाठवण्याच्या जाहिराती होत्या. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर केबलच्या काळ्या तारा लोंबत होत्या. रस्त्याच्या कडेचा नाला मात्र तसाच उघडा होता.

कमल दारातच उभी होती. तिला हैदराबादेत सून म्हणून येऊन निम्मं आयुष्य झालं. तिची मराठी आता तिची एकटीची आहे.

"जयभीम दादा! कित्ती उशीर रे. मी कधीची परेशान झाले ना इथे," ती म्हणाली. "हातपाय धू, मग हल्लू बसून खा."

जोंधळ्याची भाकरी, खट्टी दाल (चिंच घातलेलं वरण) आणि गोंगुऱ्याची म्हणजे अंबाडीची चटणी. कमलचे यजमान शेजारी येऊन बसले. त्यांच्या सरकारी कारखान्याने नुकतंच त्यांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवलं होतं. त्यात त्यांची स्वेच्छा कितपत होती, ते मी विचारलं नाही.

मित्रा विद्यापीठातून आली. वाळलेली दिसली. पाया पडायला वाकली तेव्हा तिच्या ओढणीला फिनाइलसारखा वास आला.

"शनिवारी आपण कंपनीत जायचं," मी म्हणालो.

"बाबा, आधी माझं काम बघा. मग तुम्ही म्हणाल तर शनिवारी तुमच्याबरोबर येऊन जागा बघेन. हो म्हणेनच असं नाही."

मी ते मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला विद्यानगरपलीकडच्या विद्यापीठात नेलं. दगडी इमारत, उंच छत, लांबलचक व्हरांडा. तिच्या खोलीचं दार उघडलं आणि मी नाकाला रुमाल लावला. टेबलावर करड्या, काळपट पाण्याच्या बाटल्या रांगेने मांडल्या होत्या. मित्राने सूक्ष्मदर्शकाखाली एक काच सरकवली आणि मला बघायला सांगितलं. आधी नुसता उजेड दिसला. मग एक पिवळसर, खरबरीत कडेची, गोल वस्तू दिसली. दिसायला सुंदर होती, हे कबूल केलं पाहिजे.

"जंताचं अंडं," ती म्हणाली. "मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतं. कुणाच्या पोटात गेलं की तिथे जंत वाढलाच."

तेवढ्यात तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिका डोकावल्या. तेलुगू बाई, पांढऱ्या केसांच्या. त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, तुमची मुलगी फार हट्टी आहे. मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे. त्या हसल्या. मी हसलो नाही.

बुधवारी मित्रा मला उप्पलच्या बाजूला, मुसीच्या काठी घेऊन गेली. मुसीचं नाव मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. समोर जे वाहत होतं ते शाईसारखं काळं होतं आणि बंधाऱ्याखाली त्याला साबणासारखा पांढरा फेस आला होता. सगळ्या शहराचं धुणं-पुसणं, मोऱ्या, संडास त्यात उतरत होतं. आणि त्याच काठावर, नजर पोचेल तिथवर, गवत होतं. इतकं हिरवं गवत मी आमच्या भागात भर पावसाळ्यातही पाहिलेलं नाही. नदीचं पाणी चरांनी या शेतांत घेतात, वर्षभर गवत कापतात आणि शहरातल्या गवळ्यांना म्हशींसाठी विकतात.

एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून विळ्याने गवत कापत होती. मित्राने हाक मारली तशी ती बांधावर आली. तिचं नाव यादम्मा. तिची पावलं पांढरी पडून भेगाळली होती आणि घोट्यावर फोड होते. तिने माझ्याकडे बोट करून मित्राला विचारलं, "नान्ना?" (वडील?)

मित्राने मान हलवली. यादम्माने ओले हात पदराला पुसले आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "आपकी बेटी अच्छी है साब. मेरे बच्चों कू जंत की दवा दिलाई."

मित्राने गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि अंगठ्याशी फाटलेले हातमोजे चढवले, बाटल्या घेतल्या आणि ती चरात उतरली. तो वास, ते वाकलेलं पोरीचं अंग, हे बघताना मला पन्नास वर्षांपूर्वीचे आबा दिसले. गावाबाहेरून परत आल्यावर ते ओढ्याच्या कडेला कितीतरी वेळ अंग घासत बसत. आई त्यांना घरात घेत नव्हती असं नाही, ते स्वतःच यायचे नाहीत.

ती वर आल्यावर मी म्हणालो, "तुझ्या आजोबांनी हेच सोडायला मार खाल्ला."

"माहीत आहे, बाबा."

"मग?"

तिने बाटल्यांची बुचं घट्ट केली. तिचा आवाज चढला नव्हता. "आबांनी सोडलं ते बरोबरच केलं. पण घाण काही थांबली नाही. आपल्या अंगावरून ती दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर गेली. ही यादम्मा बघा. शहर संडासाची साखळी ओढतं आणि विसरून जातं, आणि ही रोज त्यात उभी राहते. तिला हे पाणी सोड म्हणता येत नाही, तिचं पोट त्यावर आहे. त्यातला रोग काढायचा आणि खत तेवढं शेतात येऊ द्यायचं, एवढंच मला जमवायचंय."

"ते दुसरं कुणीतरी करील. तूच का?"

"दुसरं कोण, बाबा?"

मला राग आला. तिला तिथेच सोडून मी रस्त्याकडे चालू लागलो. सडकेच्या कडेला एक म्हातारी ताजे मुळे घेऊन बसली होती, पाण्याने निथळणारे, पांढरेशुभ्र. मागून मित्रा ओरडली, "बाबा, ते कच्चं खाऊ नका!" मी मुद्दाम मुळा घेतला, रुमालाने पुसला आणि चालता चालता खाल्ला. चवीला उत्तम होता.

शुक्रवारी सकाळी मला थंडी वाजून ताप भरला. दुपारपर्यंत संडासातून उठवेना. रक्त पडायला लागलं तेव्हा कमल घाबरली. तिच्या यजमानांनी रिक्षा आणली आणि मला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नव्या खाजगी दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर तरुण होता. त्याने सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं आणि उतरेल म्हणून सांगितलं.

मित्रा आली ती हातात झाकणाची एक छोटी, स्वच्छ डबी घेऊन.

"बाबा, यात थोडं द्यायचंय. तपासायला नेते."

मी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती लहान असताना तिचे लंगोट मी कधी धुतले नव्हते. ते तिच्या आईचं काम. आणि आता ती माझं हे हातात घेणार होती.

"तू नको नेऊस," मी म्हणालो. "दवाखान्यातल्या माणसाला सांग."

"तोसुद्धा कुणाचा तरी मुलगाच ना?" ती म्हणाली. मग खाली बसली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाबा, मला हेच काम येतं. लाजू नका. द्या."

मी दिलं. तिने डबीचं झाकण लावलं, बाहेरून पुसली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि डबी पिशवीत ठेवून निघाली. तिच्या चेहऱ्यावर किळस नव्हती आणि मोठं काही केल्याचा आवही नव्हता. तिची आई भाकऱ्या थापते तेव्हा जसा चेहरा असतो, तसा होता.

शनिवारी ताप उतरला नाही. तोंड कोरडं पडलं होतं. वर फिरणाऱ्या पंख्याची पाती मला कधी एक दिसायची, कधी पुष्कळ. आपण इथेच जाणार असं वाटून गेलं. बायकोचा चेहरा आठवेना, याची फार भीती वाटली. कमल उशाशी बसून ओल्या फडक्याने कपाळ पुसत होती.

"पोरगी कुठाय?" मी विचारलं.

"लॅबमध्ये रे. सकाळीच गेली. तुझंच काम करते ना ती."

रविवारी डॉक्टर माझ्या खाटेशी उभा होता तेव्हा मित्रा आली. केस विस्कटलेले, डोळे लाल. तिने कागदात गुंडाळलेली एक गोल, चपटी काचेची बशी बाहेर काढली. झाकण चिकटपट्टीने बंद केलं होतं. दोघं इंग्रजीत बोलू लागली. डॉक्टरने बशी खिडकीकडे धरली, पुन्हा पुन्हा निरखून पाहिली. तिच्या प्राध्यापिका बाईंनीही तपासून पाहिलंय, असं तिने सांगितलं. त्या तरुण डॉक्टरचा मला आदर वाटला, कारण तो रागावला नाही. त्याने लगेच परिचारिकेला बोलावून औषध बदललं.

तो गेल्यावर मी म्हणालो, "मला दाखव."

बशीत भाताच्या पेजेवर साय धरावी तसा पातळ थर होता. त्यावर कागदाच्या बारीक चकत्या बसवल्या होत्या. काही चकत्यांभोवती तो थर नव्हता, स्वच्छ गोल जागा सुटली होती.

"या प्रत्येक चकतीत वेगळं औषध आहे," ती सांगू लागली. "जिथे असं मोकळं वर्तुळ आहे, तिथे जंतू वाढू शकले नाहीत. ते औषध चालेल. या इथे बघा, अगदी चकतीला चिकटून वाढलेत. त्यांना त्या औषधाचं काहीच वाटत नाही. तुम्हाला तेच चालू होतं."

"हे माझ्या पोटातलं?"

"हो."

"आणि पोटात ते मुळ्यातून आलं?"

मला वाटलं, आता ही मला ऐकवणार. पण ती म्हणाली, "तसं खात्रीने नाही सांगता येणार, बाबा. चरातल्या पाण्यात मला या जातीचे जंतू मिळालेत. पण मुळा मी तपासलेला नाही."

तिने बशी पुन्हा कागदात गुंडाळली. मग म्हणाली, "काल शनिवार होता. मी कंपनीत गेले नाही. आज आपल्या त्या नातेवाइकांचा निरोप आला, ती जागा भरली म्हणून."

"बरं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून ताप उतरू लागला. कमलने मऊ भात आणि ताक सुरू केलं. चालता येऊ लागल्यावर परतण्याआधी मीच मित्राला म्हटलं, तुझ्या विद्यापीठात पुन्हा एकदा जाऊ.

तिने मला इमारतीच्या मागे नेलं. तिथे सिमेंटचे छोटे हौद होते आणि शेजारी गवताचे वाफे. तिने एका बाटलीतून माझ्या तळहातावर चिमूटभर पांढरे खडे ओतले. जाड्या मिठासारखे. वास घेऊन पाहिला. कशाचाच आला नाही.

"सांडपाण्यातून काढलेत," ती म्हणाली. "यात नत्र आहे, स्फुरद आहे. अनुदान उठल्यापासून स्फुरदाची खतं किती महागलीत, ते आपल्याकडच्या शेतकऱ्यांना विचारा. आणि इथे हे गटारातून वाहून चाललंय. यात जंतू आणि अंडी शिल्लक राहतात का, हे बघण्यातच माझे दिवस जातात."

"मग यादम्माला कधी मिळणार हे?"

"माहीत नाही. एवढा हौद भरून पाणी घेतलं तर एवढेसेच निघतात. खर्च परवडत नाही अजून. कदाचित तिला मिळणारच नाही, तिच्या मुलांनाही नाही." तिने खडे पुन्हा बाटलीत भरून घेतले. एक खाली पडला होता, तोही वाकून उचलला. "पण सुरुवात तर करायला हवी ना."

काचीगुड्याला मला सोडायला दोघी आल्या होत्या. कमलने वाटेसाठी उकळून गार केलेलं पाणी दिलं आणि बाहेरचं काही खायचं नाही, अशी शपथ घातली. गाडी हलली तेव्हा मित्रा खिडकीबरोबर थोडी चालली, मग थांबली.

परतीच्या वाटेवर आबांचाच विचार मनात होता. गावाने त्यांना ते काम दिलं, आणि नाही म्हणायची सोय ठेवली नाही. मित्राला नाही म्हणता येत होतं. पांढरी फरशी, दाराशी गाडी, सगळं समोर होतं, आणि तरी ती त्या चरात उतरली. कुणी ढकललं म्हणून उतरणं आणि दुसऱ्याला उतरावं लागू नये म्हणून उतरणं, यात फरक आहे. डोक्याला ते पटलं होतं. बापाच्या मनाला मात्र एवढ्या लवकर पटत नसावं. आबा असते तर ते काय म्हणाले असते, हेही मला ठरवता येईना. कदाचित चिडले असते. कदाचित तिच्या त्या काचेत डोळा लावून बघत बसले असते.

धर्माबादला उतरलो. घरी पोचलो तेव्हा सुमन, माझी बायको, अंगणात वाळवण आवरत होती. माझी उतरलेली तब्येत बघून ती आधी घाबरली. मी ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं, मुळ्याचं आणि त्या डबीचंही. डबीचं ऐकताना तिने पदर तोंडाला लावला.

मग म्हणाली, "म्हणजे नोकरी गेली."

"गेली."

"आणि तुम्ही तिला काहीच बोलला नाहीत?"

"बोललो," मी म्हणालो. "हातमोजे फाटले की लगेच बदलत जा, म्हणालो."